खाणारा खातोच?

‘अहो, खाणारा खातोच.’

तंबाखूचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी टाकतंच. एसटी स्टँडवर टाकतात, लग्नाच्या मांडवात टाकतात, ग्रामसभेत टाकतात. थोडं नटवून, ‘धोरण’, ‘वास्तव’ असले शब्द लावून ते वर्तमानपत्री लेखांतही येतं. वाक्य जेमतेम दोन शब्दांचं, पण ते उच्चारलं की समोरच्यानं मान हलवायची आणि विषय बदलायचा, असा रिवाज आहे.

मी गणिताचा मास्तर. तालुक्याच्या गावी एकतीस वर्षं पाचवी ते दहावीला गणित शिकवलं. उत्तर गृहीत धरून उदाहरण सोडवणारी पोरं मला लांबून ओळखू येतात, आणि ‘खाणारा खातोच’ हे त्याच जातीचं उदाहरण आहे. त्यात ‘खाणारा’ आधीच तयार करून ठेवलाय, मग तो खातो यात सिद्ध काय झालं? खरा प्रश्न त्याच्या मागचा आहे. तो माणूस खाणारा झाला कधी? कुठं उभा असताना? आणि त्या दिवशी त्याच्या खिशात किती पैसे होते?

तंबाखू नियंत्रणाच्या विरोधात जे जे बोललं जातं, ते सगळं हा मागचा प्रश्न टाळूनच बोललं जातं, असं माझं म्हणणं आहे. ते एकेक करून तपासू.

आधी प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा घेतो, कारण तो खराच आहे. गुटखाबंदी. महाराष्ट्रानं २००२ साली पहिल्यांदा गुटखा बंद केला. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी रद्द ठरवली. राज्याच्या अन्न प्राधिकाऱ्याला असा अधिकारच नाही, असं म्हणून. मधल्या काळात गोव्यानं २००५ मध्ये स्वतःच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून गुटखा बंद केला. पुढे २०११ मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा नियमांत एक ओळ आली: कोणत्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घटक म्हणून वापरता येणार नाही. त्या ओळीच्या आधारावर एप्रिल २०१२ मध्ये मध्य प्रदेशानं आणि जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्रानं गुटखा बंद केला. हा आदेश एका वर्षापुरता चालतो, म्हणून तो दर वर्षी नव्यानं काढावा लागतो.

यावर उत्पादकांनी शोधलेली पळवाट शाळेतल्या पोरालाही समजेल इतकी सोपी होती. एक पुडी पानमसाल्याची, दुसरी तंबाखूची. दोन्ही एकदम घ्यायच्या, फाडायच्या, हलवायच्या. कारखान्यात जे मिसळायला बंदी, ते गिऱ्हाइकाच्या तळहातावर मिसळायचं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या जोडपुड्यांचीही दखल घेऊन राज्यांना बजावलं. महाराष्ट्रानं पानमसाला, सुगंधित सुपारी, मावा, खर्रा यांनाही बंदीत ओढलं. तरी आमच्याकडे मावा मिळतो आणि विदर्भात पानठेल्यावर खर्रा घोटला जातो, हे मी नाकारत नाही. नाकारायला मी काही आंधळा नाही.

पण ‘बंदीला भोकं आहेत’ यावरून ‘बंदीनं काही होत नाही’ हा निष्कर्ष निघत नाही. तो निघतो की नाही, हे आकड्यांना विचारावं लागतं. प्रौढांच्या तंबाखूसेवनाची देशव्यापी पाहणी २००९-१० मध्ये झाली आणि पुन्हा २०१६-१७ मध्ये झाली. देशातल्या प्रौढांमधलं तंबाखूचं प्रमाण ३४.६ टक्क्यांवरून २८.६ टक्क्यांवर आलं. महाराष्ट्रात ते ३१.४ वरून २६.६ वर आलं. आता याच पाहणीतलं पंधरा ते चोवीस वयाचं खातं उघडा: १८.४ वरून १२.४. आणि पंधरा ते सतरा वयाचं? ९.६ वरून ४.४. सगळी लोकसंख्या धरली तर घट साधारण सहाव्या हिश्श्याची, पंचविशीच्या आत तिसऱ्या हिश्श्याची आणि अठराच्या आत निम्म्याहून जास्त. तेरा ते पंधरा वयाच्या विद्यार्थ्यांची पाहणी वेगळी होते. तिथं २००९ मध्ये १४.६ टक्के मुलं तंबाखू वापरत होती, २०१९ मध्ये ८.५ टक्के.

याचं सगळं श्रेय गुटखाबंदीला देणं माझ्या पेशाला शोभणार नाही. त्याच वर्षांत पाकिटांवर चित्रं आली, कर वाढले, शाळांतून संस्थांनी काम केलं. यांपैकी कशाचा वाटा किती, ते वेगळं काढणं अवघड आहे. पण एवढं उघड दिसतं की घट सर्वांत जास्त तिथं झाली, जिथं ‘खाणारा’ अजून पक्का झालेला नव्हता. सवय मुरलेल्या माणसाच्या बाबतीत ‘खाणारा खातोच’ हे अर्धंमुर्धं खरं असेलही. पण पोराच्या बाबतीत ते साफ खोटं आहे, आणि तंबाखूचा धंदा उद्या चालणार की नाही, हे पोरावरच ठरतं. जुनं गिऱ्हाईक मरतं. कधी वयानं, पुष्कळदा मालानं. त्याची जागा भरायला नवं लागतं.

इथं स्वातंत्र्याचा मुद्दा पुढे येतो. सज्ञान माणसानं काय खावं, काय ओढावं, हे सरकारनं का ठरवावं? तत्त्व म्हणून मला हे मान्य आहे. साठीतल्या माझ्या दोस्ताच्या खिशातली चुन्याची डबी मी कधी काढून घेतली नाही आणि घेणारही नाही. पण हे तत्त्व ज्याच्या नावानं मांडलं जातं, तो सज्ञान माणूस या व्यवहारात शिरला तेव्हा सज्ञान होता का? वर सांगितलेल्या २०१९ च्या विद्यार्थी पाहणीत, सिगारेट ओढून पाहिलेल्या मुलांपैकी ३८ टक्के, विडी ओढून पाहिलेल्यांपैकी ४७ टक्के आणि तंबाखू खाऊन पाहिलेल्यांपैकी ५२ टक्के मुलांनी ही सुरुवात दहावा वाढदिवस व्हायच्या आत केली होती. म्हणजे माझ्याकडे पाचवीत येण्याआधी. ज्याला अजून अपूर्णांकांची बेरीज येत नाही, त्यानं आयुष्यभराच्या कराराखाली अंगठा उठवलेला असतो. याच मुलाला आपण मत देऊ देत नाही, गाडी चालवू देत नाही, त्याच्या सहीला किंमत देत नाही. फक्त टपरीवर तेवढा तो स्वतंत्र नागरिक.

निकोटिनचा गुणही लक्षात घ्यायला हवा. माणसाचा मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो, आणि घडत्या मेंदूत निकोटिनची गरज लवकर घर करते. त्यामुळे पोरवयात केलेली निवड पुढे निवड म्हणून उरतच नाही. २०१६-१७ च्या पाहणीत धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के आणि तंबाखू खाणाऱ्यांपैकी ४९.६ टक्के लोक सोडायच्या विचारात किंवा बेतात होते. निम्म्या गिऱ्हाइकांना दुकानातून बाहेर पडायचंय आणि दार सापडत नाही, अशा दुकानावर स्वातंत्र्याची पाटी लावायची म्हणजे भाषेची थट्टा झाली.

पुढचा युक्तिवाद मला सर्वांत जवळचा, म्हणून सर्वांत जास्त बोचणारा. ‘हा संस्कारांचा प्रश्न आहे. कायद्यानं काय होतंय? प्रबोधन करा. शाळांनी लक्ष घालावं.’

घातलं की लक्ष. जागतिक तंबाखूविरोधी दिन ३१ मे रोजी येतो, आणि त्या दिवशी आमच्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते. म्हणून आम्ही जून-जुलैत प्रभातफेरी काढायचो. पोरं फलक रंगवायची, घसा बसेपर्यंत घोषणा द्यायची. फेरी कोपऱ्यावरच्या टपरीपाशी आली की टपरीवाला कौतुकानं हसायचा. त्याच्या फळीवर गोळ्या-बिस्किटांच्या बरण्या, आणि वर, अगदी पोरांच्या डोळ्यांसमोर, पुड्यांच्या माळा. फेरी सुटली की तीच पोरं, हातातला फलक काखेत मारून, त्याच टपरीवर गोळ्या घ्यायला. आमचं प्रबोधन वर्षातून एक सकाळ. त्या माळेचं प्रबोधन रोज, रविवारसुद्धा.

आणि घरचे संस्कार म्हणाल, तर तेही पाहिलेत. एकदा सहावीच्या वर्गात मी तोंडी उदाहरण घातलं: ‘पाच रुपयांची एक, अशा तीन वस्तू घेतल्या. वीसची नोट दिली. किती परत येतील?’ मागच्या बाकावरचा एक हडकुळा पोरगा हात वर करून म्हणाला, ‘पाच. पण सर, पुड्या का?’ वर्ग हसला. तो हसला नाही. त्यानं चेष्टा केलीच नव्हती. बाप रोज संध्याकाळी त्याला वीसची नोट देऊन पिटाळायचा, आणि तीन पुड्या व पाच रुपये हे गणित त्याला माझ्याआधी टपरीनं शिकवलं होतं. घरात आजी तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करते, सकाळी ती बोटावर घेऊन दात घासते, नातवंडं शेजारी बसून बघतात. तंबाखू घातलेल्या टूथपेस्टवर आणि दंतमंजनावर सरकारनं १९९२ मध्येच बंदी आणली, पण तव्यावर कोण बंदी आणणार? २०१६-१७ च्या त्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १६.६ टक्के बायका तंबाखू खाणाऱ्या-लावणाऱ्या निघाल्या. धूम्रपान करणाऱ्या दीडच टक्क्याच्या आसपास. म्हणजे आपल्याकडे तंबाखू परंपरेनंच येते. ज्या घरातून सवय आली, त्याच घरावर ती रोखायची सगळी जबाबदारी टाकायची आणि मग ‘संस्कार कमी पडले’ म्हणून मुलालाच दोष द्यायचा, याला मी प्रबोधन म्हणत नाही. ही हात झटकायची सभ्य रीत आहे.

कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणूनच २००३ च्या सिगारेट व तंबाखू उत्पादन कायद्याचं सहावं कलम मुलाला काहीच सांगत नाही, ते विकणाऱ्याला सांगतं: अठरा वर्षांखालच्या कुणालाही विकायचं नाही, आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत विकायचंच नाही. माझा मागच्या बाकावरचा पोरगा बापासाठी पुडी आणायचा, ती विक्रीही या कलमाखाली गुन्हाच. जबाबदारी कुणावर टाकायची, हे कायद्यानं अचूक ठरवलं. पुढे शिक्षा लिहिताना मात्र त्याचा हात थरथरला: दंड, जास्तीत जास्त २०० रुपये. शाळेच्या फाटकाशी दिवसभर विकून हा दंड भरला, तरी ते दुकानाचं भाडंच समजा, आणि तेही स्वस्त.

याउलट २०१५ च्या बालन्याय कायद्याचं ७७ वं कलम पाहा. मुलाला तंबाखू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. एकाच कृत्याला एका कायद्यात दोनशे रुपये आणि दुसऱ्यात सात वर्षं! पहिली शिक्षा इतकी किरकोळ की कुणी भीत नाही, दुसरी इतकी जबर की गरीब टपरीवाल्यावर लावायला पोलिसाचा हात धजत नाही. मधली जागा मोकळी, आणि त्या मोकळ्या जागेत धंदा. कायद्यानं काही होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावं, की या दोन टोकांच्या मधे, रोज वापरता येईल असा कायदा आपण करून पाहिला कधी?

मुलांच्या दृष्टीनं सर्वांत मोलाची गोष्ट धोरणाच्या चर्चेत सर्वांत कमी बोलली जाते. ती म्हणजे सुटी विक्री. वीस सिगारेटींचं पाकीट सातवीतल्या मुलाला परवडत नाही. एक परवडते. पाकिटावरची चित्रं मोठी व्हावीत म्हणून देशात केवढी लढाई झाली. शेवटी १ एप्रिल २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्यानं व्यापला. पण सुट्या सिगारेटीवर चित्र कुठं असतं? पाकीट टपरीवाल्याच्या गल्ल्याजवळ, सडलेल्या जबड्याचं चित्र तोच दिवसभर बघतो. मुलाच्या हातात येते ती नुसती पांढरी कांडी. कराचंही तसंच. पाकीट पन्नास रुपयांनी महागलं, तर सुटी अडीच रुपयांनी महागते, आणि अडीच रुपये खाऊच्या पैशांतून निघतात. म्हणजे सुटी विक्री चालू ठेवणं म्हणजे इशारा आणि कर, दोन्ही शस्त्रं मुलाच्या दारातच म्यान करणं. महाराष्ट्र सरकारनं सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी-विड्यांच्या विक्रीवर बंदीचा आदेश काढला, ही अभिमानाची गोष्ट. कुठल्याही चौकात जाऊन एक मागून पाहा, म्हणजे त्या अभिमानाचं काय करायचं ते कळेल.

टपरीवाल्याला मी खलनायक करत नाही. आमच्या कोपऱ्यावरचा टपरीवाला माझाच विद्यार्थी. निवृत्तीनंतर एकदा त्याला मी हे सगळं बोललो. तो निवांतपणे म्हणाला, ‘सर, खाणारा खातोच. मी नाही विकलं तर पलीकडचा विकतोय.’ मग मी सहज विचारलं, धाकटा कुठं आहे, दुकानावर दिसत नाही? ‘त्याला नाही बसवत इथं. बारीक हाय अजून. सवय लागती.’ हे बोलून तो सुपारी कातरू लागला. आपण स्वतःचंच वाक्य खोडलं, हे त्याच्या ध्यानात आलं नसावं. माझ्या मात्र आलं.

आता ‘पुरावा कुठाय?’ या आक्षेपाकडे. हा आक्षेप आज कुणी उघडपणे घेत नाही, पण तो आपल्याच राज्यातल्या माणसानं घेतला होता, म्हणून सोडून देता येत नाही. २०१५ च्या मार्चअखेरीस, ८५ टक्के इशाऱ्याचा नियम लागू व्हायच्या तोंडावर, लोकसभेच्या दुय्यम विधिविधान समितीनं तो लांबवायला सांगितलं. समितीचे अध्यक्ष होते अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी. तंबाखूनं कर्करोग होतो हे सांगणारे अभ्यास परदेशातले आहेत, भारतात असा अभ्यास झालेला नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्या समितीत विडीचा मोठा धंदा असलेले एक सदस्यही होते. नियम वर्षभर लांबला.

भारतात अभ्यास नाही? परळच्या टाटा रुग्णालयातले डॉ. वसंत खानोलकर आणि त्यांचे सहकारी तंबाखू खाणं-ओढणं आणि तोंडा-घशाचा कर्करोग यांचा संबंध शोधत होते, तेव्हा देश नुकता स्वतंत्र होत होता. त्यांच्या गटाचा याविषयीचा निबंध १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. साठीच्या दशकात टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहतांच्या चमूनं गावोगाव, घरोघर जाऊन लोकांची तोंडं तपासली. एकट्या पुणे जिल्ह्यात त्यांनी तपासलेल्या खेडुतांची संख्या एक लाखाच्या वर होती. नव्वदीच्या दशकात मुंबईत सुमारे दीड लाख लोकांची नोंद करून त्यांचा पाठपुरावा झाला. हे काम महाराष्ट्राच्या मातीत, मराठी माणसांच्या तोंडांवर झालेलं आहे. नगरहून पुणे जिल्हा काही परदेशात नाही. आणि त्या मार्चच्या महिनाभर आधी, १६ फेब्रुवारी २०१५ रोजी, राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील तोंडाच्या कर्करोगानं गेले होते. तासगावच्या आबांना तंबाखूची सवय होती, हे साऱ्या राज्याला माहीत होतं. अंत्ययात्रेला लोटलेला महाराष्ट्र रडला आणि सहा आठवड्यांत पुरावा मागू लागला.

उरला पोटापाण्याचा मुद्दा. महसूल, शेतकरी, विडी कामगार. महसुलाचं उत्तर गणितातच आहे, म्हणून ते आधी उरकतो. २०१७-१८ मध्ये तंबाखूमुळे होणाऱ्या आजारांचा आणि अकाली मृत्यूंचा देशाला पडलेला भार १,७७,३४१ कोटी रुपये निघाला, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या एक टक्क्याच्या आसपास. याच हिशेबानुसार तंबाखूवरच्या उत्पादन शुल्कातून मिळणाऱ्या दर १०० रुपयांमागे समाज ८१६ रुपये मोजतो. असा धंदा एखाद्या किराणा दुकानदारानं केला, तर सावकार दुसऱ्या दिवशी दारात बसेल.

शेतकरी आणि कामगार यांचं उत्तर असं उरकता येत नाही, कारण त्यांचं दुःख खरं आहे. निपाणीचं नाव घेतल्याशिवाय या विषयावर बोलायचा मराठी माणसाला अधिकार नाही. १९८१ साली तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तिथं शेतकरी रस्त्यावर बसले, आणि ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात बारा शेतकरी मेले. ते कशासाठी भांडत होते? व्यापारी आणि कंपन्या लुटतात म्हणून. आज त्याच शेतकऱ्याला पुढे करून त्याच कंपन्या म्हणतात, ‘आमच्यावर बंधनं आणाल तर हा मरेल.’ त्याला भाव देताना हा कळवळा कुठं होता? विडीचंही तेच. सिन्नर, संगमनेर, सोलापूर इथल्या घराघरांत बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात, दिवसभर तंबाखूची धूळ श्वासात घेतात, आणि त्यांच्या मजुरीतून ‘खराब माल’ म्हणून विड्या बाजूला काढल्या जातात. त्यांचं भलं करायचं तर पर्यायी काम द्यावं लागेल. ते जमतं. केरळात कण्णूरच्या दिनेश बिडी या कामगार सहकारी संस्थेनं विडीचे दिवस भरत आले हे ओळखून खाद्यपदार्थ, छत्र्या, कपडे असे धंदे उभे केले. आपण काय केलं? सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेनं विडीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. वळणाऱ्या बाईच्या मजुरीत यानं किती पडेल ते मालक जाणे. गावातल्या पोराला विडी स्वस्त राहील, एवढं मात्र नक्की. विडी ही ‘गरिबाची’ म्हणून तिच्यावर दया दाखवायची. दया विडीवर होते, गरिबावर नाही.

जाता जाता ई-सिगारेट. २०१९ मध्ये केंद्रानं तिच्यावर संपूर्ण बंदी आणली. त्यावर दोन आक्षेप येतात. एक, ती कमी घातक आहे, सोडू पाहणाऱ्याला मदत होते. असेल, पण अमेरिकेत त्याच वर्षी शाळेच्या वरच्या वर्गांतली २७.५ टक्के मुलं ती ओढत होती, आणि ती काही सिगारेट सोडायला आलेली मंडळी नव्हती. आंब्याच्या, पुदिन्याच्या चवी पन्नाशीतल्या माणसासाठी काढलेल्या नसतात. दुसरा आक्षेप: नवी बंद आणि जुनी राजरोस, हा दुटप्पीपणा. हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. देशातल्या सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीत सरकारी आयुर्विमा महामंडळाचा सुमारे पंधरा टक्के हिस्सा असताना तो नाकारू कसा? पण दुटप्पीपणा घालवायचे दोन रस्ते असतात. आक्षेप घेणाऱ्यांना नेमका दोन्ही मोकळं करण्याचाच का सुचतो?

मग करायचं काय? चमत्कार कुणी मागत नाही. तंबाखू विकायला वेगळा परवाना हवा, आणि ज्या फळीवर गोळ्या-बिस्किटं, त्या फळीवर तंबाखू नको. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०१७ मध्येच राज्यांना हे सुचवलंय. पालिका-ग्रामपंचायतींनी मनावर घ्यायचं बाकी आहे. परवाना असला की दंडाला धार येते, कारण परवाना जाण्याची भीती दोनशे रुपयांच्या पावतीपेक्षा मोठी असते. सुट्या विक्रीवरची बंदी पाळली जाते की नाही, हे शाळा भरताना आणि सुटताना बघायचं. त्याला मोठं मनुष्यबळ लागत नाही. विडी, तंबाखू, सिगारेट यांच्या करांतली दरी बुजवायची, नाहीतर मूल स्वस्त विषाकडे सरकतं. खरेदीचं वय एकवीस करायचं. केंद्रानं २०२० च्या अखेरीस काढलेल्या दुरुस्तीच्या मसुद्यात एकवीसही होतं आणि सुट्या विक्रीवर बंदीही. मसुदा मसुदाच राहिला. कर्नाटकानं मात्र २०२५ मध्ये स्वतःच्या दुरुस्तीनं एकवीस करून टाकलं. म्हणजे आज निपाणीतल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला जी सिगारेट विकणं गुन्हा आहे, ती सीमेअलीकडे कागलमध्ये येऊन घेतली की कायदेशीर. मालदीवनं तर १ नोव्हेंबर २०२५ पासून १ जानेवारी २००७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तंबाखू कायमचीच बंद केली. न्यूझीलंडनं असाच कायदा केला आणि सरकार बदलल्यावर २०२४ मध्ये मागे घेतला, हेही सांगून ठेवतो. अशा गोष्टी आपोआप टिकत नाहीत.

यातल्या एकाही उपायानं माझ्या साठीतल्या दोस्ताची डबी सुटणार नाही. त्याच्यासाठी व्यसनमुक्तीची केंद्रं हवीत, समजूत हवी, त्याच्याजवळ बसणारा माणूस हवा. तो विषय वेगळा, आणि तिथं ‘खाणारा खातोच’ म्हणणाऱ्याशी मी फार भांडणार नाही.

माझं भांडण दुसऱ्या माणसासाठी आहे. जूनमध्ये शाळा उघडते. पाचवीत नवी पोरं येतात, नवी दप्तरं, कुणाच्या खिशात पाच रुपये, कुणाच्या दहा. फाटकातून बाहेर पडलं की कोपऱ्यापर्यंत शंभर पावलं नसतील. तिथं काय टांगलेलं असावं, किती सुटं मिळावं, आणि फळीमागच्या माणसाला कशाची भीती असावी, हे ठरवणं आपल्या हातात आहे. त्या पोरांविषयी कुणी मला ‘खाणारा खातोच’ म्हणू नये. त्यांतला एकही अजून खाणारा नाही.